पंचाचें घड्याळ

हरलेल्या माणसाला दोन वाक्यें नेहमीं तोंडपाठ असतात. "आज आमचा दिवस नव्हता" हें पहिलें, आणि "पंच फितूर होता" हें दुसरें. पहिलें तो चारचौघांत बोलतो, दुसरें घरच्या मंडळींत. माझीं जवळजवळ तीस वर्षें शिकविण्यांत नि परीक्षा घेण्यांत गेलीं असल्यामुळें या दुसऱ्या वाक्याशीं माझा जुना परिचय आहे. नापास झालेला विद्यार्थीहि थोड्याफार फरकानें तेंच म्हणतो. इतकीं वर्षें मीं त्याकडे हंसून दुर्लक्ष केलें. परंतु एका रात्रीं माझ्याच ओसरीवर, एका शहाण्या मुलाच्या तोंडून तें वाक्य इतक्या शांतपणें आलें कीं, मला हंसतां आलें नाहीं.

ती १८ डिसेंबर २०२२ ची रात्र. जव्हारच्या पठारावर त्या दिवसांत थंडी बरीच असते, आणि दिवेलागणीनंतर वारा अंगाला झोंबूं लागतो. कतारमध्यें विश्वचषकाचा अंतिम फुटबॉल सामना आपल्याकडल्या साडेआठला सुरू व्हायचा होता. वसतिगृहांतल्या सात-आठ मुलांनीं दुपारींच येऊन विचारलें होतें, "सर, तुमच्याकडे मॅच बघायला येऊं का?" सारीं मुलें जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचीं, कोणी वारली, कोणी कोकणा, कोणी महादेव कोळी. सौ.नें चहाचें मोठें पातेलें चढविलें, दूरदर्शनसंच ओसरीकडे वळविला, आणि आम्ही सारे घोंगड्या पांघरून बसलों.

२३ व्या मिनिटाला अर्जेंटिनाला पेनल्टी मिळाली आणि मेस्सीनें ती बिनचूक मारली. मुलांनीं एकच गिल्ला केला. भिंतीला टेकून बसलेला मोखाड्याकडचा एकजण मात्र जागचा न हलतां म्हणाला, "सर, सगळं ठरलेलं असतं. या स्पर्धेंत त्यांना ही पांचवी पेनल्टी आहे." हिशेब बरोबर होता. पुढें ८० व्या आणि ११८ व्या मिनिटाला फ्रान्सलाहि पेनल्टी मिळाल्या, दोन्ही एम्बापेनें सार्थकीं लावल्या, आणि सामना तीन-तीन असा बरोबरींत आला. मीं विजयी मुद्रेनें त्याच्याकडे पाहिलें. "आतां काय म्हणतोस? ह्याहि ठरलेल्याच?"

तो म्हणाला, "त्या द्याव्याच लागल्या, सर. नाहींतर लोकांना कळलं असतं."

असल्या युक्तिवादाला तर्कशास्त्रांत उत्तर नाहीं. अनुकूल पुरावा हा पुरावा, आणि प्रतिकूल पुरावा हें कारस्थानाचें कौशल्य! फ्रान्समध्यें तर पुढें दोन लाखांहून अधिक लोकांनीं हा सामना पुन्हां खेळवावा अशा अर्जावर सह्या केल्या. माझा मोखाड्याचा विद्यार्थी आणि पॅरिसचा नागरिक यांचें एका बाबतींत तरी एकमत होतें म्हणायचें.

अर्जेंटिना शेवटच्या पेनल्टींवर ४-२ अशी जिंकली, मुलें पांगलीं. तो मुलगा कपबशा विसळायला मागें राहिला. मीं सहज विचारलें, "तुझी भरतीची तयारी कुठवर आली?" पहांटेच्या धुक्यांत मोखाड्याच्या रस्त्यावर धांवतांना मीं त्याला अनेकदां पाहिलें होतें; सोळाशें मीटर धांवण्यांत वसतिगृहांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. नळाखालीं कप धरून तो म्हणाला, "सोडली, सर. तिथंहि ठरलेलंच असतं. उगीच कशाला धांवायचं?"

फुटबॉलच्या पंचाला शिव्या देणारा तरुण मला चालतो. तेवढा आनंद प्रेक्षकाच्या हक्काचा आहे. परंतु पंच लबाड आहे म्हणून ज्यानें धांवणेंच सोडलें, त्याला काय सांगावें? "तसें कांहीं नसतें, तूं आपली मेहनत कर" हें प्राध्यापकी उत्तर माझ्या ओंठांपर्यंत आलें होतें. तें मीं गिळलें. तें पुरतें खरें नव्हतें, आणि तें कां खरें नव्हतें हें मला स्वतःच्याच अनुभवानें ठाऊक होतें. मीहि एकदां फुटबॉलचा पंच होतों.

१९९९ च्या जानेवारींतली गोष्ट. मला जव्हारला येऊन तीन-चार वर्षेंच झालीं होतीं. पुण्याला शिकत असतांना मी थोडेंफार फुटबॉल खेळलों होतों. तेवढ्या भांडवलावर जव्हार आणि मोखाडा यांच्यांतील एका सामन्याला मला पंच नेमण्यांत आलें. कबड्डीचा निवाडा करणारीं माणसें आमच्या भागांत पाड्यापाड्याला होतीं, परंतु फुटबॉलचे नियम पुस्तकांत वाचलेला बहुधा मी एकटाच असेन. गांवाबाहेरचें माळरान, बांबूचे गोलखांब, अनवाणी पाय, आणि एका अंगाला मैदान संपतें न संपतें तोंच उतार. चेंडू तिकडे गेला कीं दोन पोरें करवंदीच्या जाळ्यांतून खालीं धांवत, आणि तीं वर येईपर्यंत खेळ थांबे. मोखाड्याचा संघ एका टेम्पोंतून आला होता; त्याच्या बाजूचे प्रेक्षक म्हणजे टेम्पोवाला आणि दोन राखीव खेळाडू. बाकीचें सारें मैदान जव्हारचें. ढोल होता, शिट्ट्या होत्या, माझे विद्यार्थी होते, माझा घरमालक होता, मला रोज दूध घालणाराहि होता.

मोखाड्यानें पूर्वार्धांत गोल केला. उत्तरार्धांत जव्हारचीं मुलें जिवावर उदार होऊन खेळलीं. चेंडू तीनदां उताराखालीं गेला. वेळ संपली तेव्हां मीं मनाशीं हिशेब केला, आणि वायां गेलेल्या वेळाची भरपाई म्हणून खेळ चालूं ठेवला. आठ मिनिटें चालूं ठेवला. सातव्या मिनिटाला जव्हारचा गोल झाला, आठव्याला मीं शिट्टी वाजविली, आणि पुढें पेनल्टींवर जव्हार जिंकलें. ढाल गांवांत राहिली. लोकांनीं मला खांद्यावर घेतलें नाहीं, एवढेंच.

मोखाड्याचा कप्तान अठरा-एकोणीस वर्षांचा सडपातळ मुलगा होता. तो भांडला नाहीं. माझ्याजवळ आला आणि अदबीनें म्हणाला, "सर, तुमच्या घड्याळांत किती वाजले?" मीं वेळ सांगितली. त्यानें मान हलविली आणि तो टेम्पोकडे निघून गेला. मला तो उद्धटपणा वाटला. घरीं येऊन मीं सौ.ला तसें सांगितलेंहि.

पुढें कित्येक वर्षांनीं एक शोधनिबंध माझ्या वाचनांत आला. तो २००५ सालीं प्रसिद्ध झालेला; लिहिणारे गारिकानो, पालासिओस-उएर्ता आणि प्रेंडरगास्ट हे तीन अर्थशास्त्रज्ञ. स्पेनमधील व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांत पंच शेवटीं किती वेळ वाढवून देतात, हें त्यांनीं मोजलें होतें. यजमान संघ एका गोलानें पुढें असला तर पंच लौकर शिट्टी वाजवितात, एका गोलानें मागें असला तर खेळ लांबवितात. दोहोंतला फरक जवळजवळ दुपटीचा. सामना एकतर्फी असला तर मात्र हा फरक नाहींसा होतो, कारण मग दोन मिनिटांनीं कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. हें वाचतां वाचतां माझ्या कानांत तो ढोल पुन्हां वाजूं लागला. पूर्वार्धांतहि चेंडू दोनदां उताराखालीं गेला होता. त्या वेळचा एक क्षणहि मीं मोजला नव्हता. कारण त्या वेळीं कोणी ओरडलें नव्हतें.

मला कोणीं लांच दिली नव्हती. त्या दिवशीं चहादेखील मी स्वतःच्या पैशानें प्यालों होतों. मला कोणीं विकत घेतलें नव्हतें. मी फुकट गेलों होतों.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत. इंग्लंडांतील एका प्रयोगांत ४० जाणत्या पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या एका सामन्यांतील ४७ प्रसंगांचें चित्रण दाखविण्यांत आलें. कांहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, कांहींना आवाज बंद करून. २००२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोंगाट ऐकणाऱ्या पंचांनीं यजमान लिव्हरपूलविरुद्ध सुमारें १५ टक्के कमी फाउल दिले होते. पुढें २०२० सालीं महामारीमुळें युरोपांतील मैदानें प्रेक्षकांवांचून ओस पडलीं, तेव्हां पाहुण्या संघांनाच अधिक पिवळीं कार्डें दाखविण्याची जुनी खोड पुष्कळ कमी झाल्याचें आढळलें. नियम तेच, पंच तेच, शिट्टी तीच. गेला होता तो फक्त आवाज.

मग पैसे खाऊन सामने फिरविलेच जात नाहींत काय? जातात. जर्मनींत रॉबर्ट हॉयझर या तरुण पंचानें २००४ च्या ऑगस्टमध्यें पाडरबोर्न आणि हांबुर्ग यांच्या सामन्यांत पाडरबोर्नला दोन पेनल्टी दिल्या आणि हांबुर्गच्या एका खेळाडूला बाहेर घालविलें. दोन गोलांनीं पुढें असलेलें हांबुर्ग ४-२ असें हरलें. पैजा लावणाऱ्या टोळीचे पैसे त्यानें खाल्ले होते. २००५ च्या जानेवारींत त्यानें कबुली दिली, आणि त्याच वर्षीं त्याला दोन वर्षें पांच महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्याविषयींचा संशय वरिष्ठांच्या कानावर घातला तो त्याच्याच बरोबरीच्या पंचांनीं. इटलींत २००६ सालीं दूरध्वनीवरचीं संभाषणें बाहेर आलीं. पंच कोणते नेमावेत यांत युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाचे अधिकारी हात घालीत होते असें दिसलें, आणि त्या संघाचीं अजिंक्यपदें काढून घेऊन त्याला खालच्या श्रेणींत ढकलण्यांत आलें.

या दोन्ही प्रकरणांत चोर सांपडला तो कबुलीजबाबानें, पैजांच्या हिशेबानें, दूरध्वनीच्या नोंदींनीं. प्रेक्षागारांतून दर शनिवारीं "पंच विकला गेला" म्हणून ओरडणाऱ्यांचा त्यांत कांहीं हातभार नव्हता. उलट, ज्या गांवांत रोजच "चोर, चोर" अशी हाकाटी होते, तेथें खरा चोर सुखानें झोंपतो. शिवाय नाचतां येईना, अंगण वांकडें, हीहि एक सोय त्या हाकाटींत असते.

चोर आणि कान हे दोन निराळे रोग आहेत, आणि त्यांचीं औषधेंहि निराळीं आहेत. चोराला तुरुंग आहे. परंतु प्रत्येक चुकलेला पंच चोरच, असें धरून चाललें कीं पुढें उरतो तो फक्त संताप. ३ मार्च २०२३ ला बंगळूरांत इंडियन सुपर लीगच्या बाद फेरींत केरळच्या संघानें पंचाचा निर्णय अमान्य करून मैदानच सोडलें. त्याला चार कोटींचा दंड झाला. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरास महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत एका नामवंत मल्लानें पंचाला लाथ मारली, आणि दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. ते निर्णय बरोबर होते कीं चूक, हा येथें माझा विषय नाहीं. लाथेनें पंचाचा कान सुधारत नाहीं, एवढेंच मला म्हणायचें आहे.

कानावरचें औषध आपल्या भाषेनें एका शब्दांतच ठेवून दिलेलें आहे. पंच म्हणजे पांच. पांचामुखीं परमेश्वर असें आपण म्हणतों. एकामुखीं म्हणत नाहीं. गांवचा तंटा पारावर गेला कीं पांचजण बसत, तें पांचहि देवमाणसें असत म्हणून नव्हे. पांचांचे पांच लोभ आणि पांच राग एकमेकांना खोडून काढतील या आशेनें. फुटबॉलनें पांचांचें काम एकाच्या गळ्यांत अडकविलें, आणि त्या एकाकडून परमेश्वराची अपेक्षा केली. २०१८ च्या विश्वचषकांत प्रथमच चित्रफीत पाहून मुख्य पंचाला सल्ला देणारे साहाय्यक बसले. एकाचे पुन्हां पांच होऊं लागले म्हणायचें. वाद त्यानें मिटले नाहींत. परंतु वाद पंचाच्या बापाविषयीं न होतां रेषेविषयीं होऊं लागले, हीहि प्रगतीच आहे.

क्रिकेटलाहि हें शहाणपण उशिराच सुचलें. १९८६ च्या नोव्हेंबरांत पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यांतील लाहोरच्या कसोटीला दोन्ही पंच भारतांतून बोलाविण्यांत आले: व्ही. के. रामस्वामी आणि ठाण्याचे पिलू रिपोर्टर. जव्हार-मोखाडा त्या काळीं ठाणे जिल्ह्यांतच होतें, आमचा पालघर जिल्हा २०१४ सालीं झाला. तेव्हां त्या मानांत थोडा वाटा आमचाहि, असें मी विद्यार्थ्यांना गंमतीनें सांगतों. पाकिस्तानचे सारे पंच लबाड ठरले म्हणून हें झालें नाहीं. यजमानाचा कान हा यजमानाचाच असतो, एवढें यजमानानें कबूल केलें म्हणून झालें. विद्यापीठांत उत्तरपत्रिकेवरची विद्यार्थ्याची ओळख झांकून मग ती तपासायला देतात. पूर्वीं मला त्यांत परीक्षकाचा अपमान वाटे. १९९९ च्या त्या आठ मिनिटांचा उलगडा झाल्यापासून तो वाटेनासा झाला.

त्या कप्तानाची आणि माझी पुन्हां एकदां गांठ पडली. विश्वचषकाच्या त्या रात्रीच्या तीन-चार वर्षें आधीं, खोडाळ्याच्या बाजूला शाळांच्या क्रीडास्पर्धांना मी पाहुणा म्हणून गेलों होतों. कबड्डीचा सामना लागला होता. पंच चाळिशीकडे झुकलेले एक शिक्षक होते. खेळ सुरू करण्यापूर्वीं त्यांनीं खिशांतून दुसरें एक घड्याळ काढलें, पाहुण्या संघाच्या कप्तानाच्या हातांत दिलें, आणि त्याला म्हणाले, "तूंहि बघत राहा रे." सामना संपल्यावर ते माझ्याकडे आले. "सर, ओळखलंत?" त्या सडपातळ मुलाला मीं आवाजावरून ओळखलें.

मी म्हणालों, "त्या दिवशीं माझी चूक झाली होती."

ते हंसले. "मला तेव्हां वाटलं होतं, सर, तुम्ही पैसे घेतलेत."

"आणि आतां?"

"आतां मीहि पंच झालों, सर. माझी शाळा मागं पडली कीं माझं घड्याळसुद्धां हळूं चालतं. म्हणून दुसरं त्यांच्याकडे देतों."

मीं ग्रंथालयांत बसून जें शिकलों, तें या गृहस्थांनीं मैदानावर उभें राहून शिकून घेतलें होतें. आणि मीं नुसतें वाचून ठेवलें होतें, तर त्यांनीं त्यावर एक घड्याळ खर्च केलें होतें.

हें सारें मीं त्या रात्रीं, कपबशा विसळून झाल्यावर, त्या मुलाला सांगितलें. स्वतःचा अपराध विद्यार्थ्यापुढें कबूल करणें सोपें नसतें, परंतु अर्धें खरें सांगून त्याला पुन्हां पळवायला मन धजेना. मी म्हणालों, "तिथं सगळं स्वच्छ असतं, अशी हमी मी देत नाहीं. कुठं खोट दिसली तर तारीख-वार लिहून ठेव, पुरावा घेऊन ये. अर्जावर तुझ्या सहीखालीं मी सही करीन. दुसरं घड्याळ मागायचा तुला हक्क आहे. पण तूं धांवलाच नाहींस, तर तें दुसरं घड्याळ मोजणार काय?"

तो कांहीं बोलला नाहीं. दारांत चपला घालतांना एवढेंच म्हणाला, "आठ मिनिटं जास्तच झालीं, सर." तो मोखाड्याचा होता, हें मी विसरलों होतों.

अर्ज त्यानें आधींच भरलेला होता. दोन दिवसांनीं पहांटे तो पुन्हां रस्त्यावर दिसला. भरतीला तो गेला. त्या खेपेस त्याची निवड झाली नाहीं. परत आल्यावर तो माझ्याकडे आला, ओसरीवर बसला. सौ.नें चहा आणून ठेवला. मीं भीत भीतच विचारलें, "काय रे, ठरलेलं होतं का?"

"नाहीं, सर," तो म्हणाला. "धांवण्यांत मी पुढं होतों. गोळाफेक कच्ची आहे माझी."

चहा पिऊन झाल्यावर, महाविद्यालयाचा लोखंडी गोळा सुट्टींत घरीं न्यायला मिळेल का, असें त्यानें विचारलें.